हिराकसाचं पाणी

अकरावीला लोखंड शिकवताना मी वर्षानुवर्षं फळ्यावर चौकोन काढले, चौकोनांत बाण भरले. एकूण २६ इलेक्ट्रॉन, शेवटी थ्री डी सिक्स, फोर एस टू. मुलं पाठ करायची. मग एका ऑगस्टमध्ये केज तालुक्यातल्या एका गावाहून येणाऱ्या मुलानं दप्तरातून बाटली काढली. आत गढूळ, तांबूस पाणी.

"सर, सोयाबीनवर मारायला रात्री हिराकस भिजवला होता. सकाळी हे असं. भेसळीचा असंल का?"

भेसळ नव्हती. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. त्यातल्या लोखंडानं फोर एसमधले दोन्ही इलेक्ट्रॉन आधीच दिलेले असतात. (भरताना फोर एस आधी आणि जातानाही तोच आधी, इथं दरवर्षी निम्मा वर्ग अडखळतो.) डीच्या पाच घरांत सहा जण उरतात, म्हणजे एका घरात दोघांची दाटी. आणखी एक गेला की घरटी एकेक. असं झालेलं लोखंड म्हणजे फेरिक, आणि तो सहावा न्यायला हवेतला ऑक्सिजन असतोच. झिंक सल्फेटचं असं होत नाही. झिंकच्या डीमध्ये दहाच्या दहा भरलेले, तिथून काढणं फार महाग.

"अर्धं भरलेलं म्हणून स्थिर" हे वाक्य मीच मुलांकडून घोकून घेतलं होतं. ते खोटं नाही, पण त्यातून फक्त कल कळतो. तो सहावा इलेक्ट्रॉन किती लवकर जाईल, हे भोवतालच्या पाण्यावर ठरतं. म्हणून दुसऱ्या दिवशी दोन ग्लास मांडले, दोन्हींत ताजा हिराकस, दहा लिटरला ५० ग्रॅम याच हिशेबानं. एकात नुसतं बोअरचं चुनखडीचं पाणी, दुसऱ्यात त्याच पाण्यात लिंबू पिळलेलं. मधल्या सुट्टीपर्यंत पहिला ग्लास गढुळला, तळाशी गंजासारखा गाळ धरू लागला. लिंबाचा नितळ राहिला. आम्लात फेरसला सवड मिळते, आणि लिंबातलं सायट्रेट लोखंडाला धरून ठेवतं.

मग शेताचं बोलणं निघालं. आमच्या काळ्या मातीत लोखंड काही कमी नाही, पण चुनखडीच्या रानात ते फेरिक होऊन अडकून बसतं. सोयाबीनचं कोवळं पान पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या. तरी मूळ गप्प बसत नाही. ते भोवती आम्ल सोडतं, फेरिकला एक इलेक्ट्रॉन परत देतं, त्याचं फेरस करतं आणि मगच आत घेतं. मी फळ्यावर जो बाण पुसत होतो, तोच मूळ पुन्हा काढत होतं.

सोमवारी तो मुलगा सोयाबीनचं एक झाड मुळासकट घेऊन आला. प्रयोगशाळेच्या नळाखाली आम्ही दोघांनी त्या मुळांची माती हलक्या हातानं धुतली.