तगादा

मी सुरगाण्यात बँकेत कारकून आहे. काउंटर, पासबुकं आणि दुपारनंतर वसुलीचे फोन, अशी तीन कामं माझ्याकडे. पहिल्या दोन कामांत लोक माझ्या नावानं ओरडतात. तिसऱ्यात कोणी ओरडत नाही, कारण कोणी फोन उचलतच नाही. पावसाळ्यात इथल्या डोंगरांत रेंज माणसाआधी दमते, आणि शेतीचा हंगाम संपला की बरीच मंडळी दिंडोरीकडं द्राक्षबागांवर कामाला जातात. 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे' म्हणणारी ती बाई माझ्याशी जितकं बोलली असेल, तितकं आमची सौ.सुद्धा बोललेली नाही.

अशा माणसाच्या मागं वसुलीवाले लागावेत, हा नियतीचा जमाखर्च!

झालं असं, की एका जुन्या मित्रानं मोटरसायकलीसाठी कर्ज काढलं आणि 'ओळखीचा माणूस' म्हणून माझा नंबर देऊन टाकला. जामीनदार नव्हे हं! १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ सांगतं, की एरवी ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. बी.कॉम.ला हे पाठ केलं आणि आजतागायत मी कोणाला जामीन राहिलो नाही. शिक्षण वाया जात नाही म्हणतात, ते असं.

पहिला फोन सकाळी पावणेसातला. मी दाढीच्या साबणात. "तुमचा मित्र कुठं लपवलाय?" दुसरा रात्री साडेनऊला. तिसरा आईनं उचलला. मला म्हणाली, "कोणी पोरगा होता रे. उपाशी असावा, फार चिडचिड करत होता. म्हटलं, आधी दोन घास खा, मग बोल."

मी घरभर हसत सुटलो. चौथ्या फोनला त्यानं आईला सांगितलं, की पोलीस येतील. त्यानंतर दोन दिवस आई दाराला आतून कडी लावून बसली. तिथं माझं हसू संपलं.

तगादा ही आपल्याकडची जुनी कला. पूर्वी धनको ऋणकोच्या दारात धरणं धरून उपाशी बसायचा. १८७५ साली सुप्याला चिडलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. आता कर्जखत संगणकात. जाळायचं म्हटलं तर आपलाच फोन जळायचा.

नंबर बंद करून पाहिला, तर तो रक्तबीजासारखा नव्या नंबरातून उगवला. शेवटी बँकेतलीच एक फाईल आठवली. रिझर्व्ह बँकेचं १२ ऑगस्ट २०२२ चं पत्रक: थकबाकीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन नको, धमकी नको, कर्जदाराच्या घरच्यांना, मित्रांना, ओळख दिलेल्यांना त्रास नको. खाली 'वाचले' म्हणून माझीच सही. सही करताना वाचायचं असतं, हे लोकांना सांगून सांगून मी स्वतः विसरलो होतो!

पुढच्या फोनला मी त्याचं नाव, एजन्सी आणि कोणाच्या वतीनं बोलतोय ते विचारलं. तो गडबडला. मग सगळ्या फोनच्या तारखा, वेळा मांडून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पत्र धाडलं. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाईन, हेही लिहिलं. फोन थांबले. तोंडानं भांडून जे झालं नाही, ते एका तक्त्यानं केलं. कारकुनी अशी कामाला येते.

मित्र मात्र माझाही फोन उचलेना. घरी जाऊन गाठला. बायकोच्या ऑपरेशनात तीन हप्ते थकले होते. "मला का नाही सांगितलंस?" तर म्हणाला, "तू बँकेतला ना रे!" यावर काय बोलणार? फोन थांबतात, हप्ते थांबत नाहीत. दोघांनी बसून कंपनीला हप्ते वाढवून मागणारा अर्ज लिहिला.

दुसऱ्या दिवशी बँकेत वसुलीची यादी समोर होती. पहिला नंबर फिरवला. चक्क उचलला! पलीकडं कोणी म्हातारी. कर्जदार मुलगा बागेवर गेलेला. कर्जाचा विषय काढायचा नव्हता, पण काहीतरी बोलायला हवं, म्हणून विचारलं, "जेवण झालं का, आजी?"

"झालं बाबा," ती म्हणाली. "तुझं? आवाज उपाशी वाटतो."