दहा फुटांवरून

ठाणे,
२० ऑक्टोबर २०२०

चि. मनोज,



तुझा मेसेज वाचला. लस येईपर्यंत आई-बाबांच्या वृद्धाश्रमाने फाटक उघडूच नये आणि मीही सारखं सांगलीला धावू नये, असं तुझं म्हणणं. फोनवर हा विषय निघाला की आपल्या दोघांचेही आवाज चढतात, म्हणून सरळ लिहायलाच बसले.

रविवारी जाऊन आलो. आता जाणं तरी सोपं झालंय. जून-जुलैत ई-पासच्या अर्जात कारण लिहावं लागे. तिथे मयत चाले, दवाखाना चाले. नुसतं 'आई-बाबांना बघायचंय' चालत नसे. अर्ज परत आला. डॉक्टरची चिठ्ठी जोडा, वडील आजारी आहेत म्हणा, असा सल्ला शेजाऱ्यांनी दिला. चांगल्या जेवणाऱ्या-खाणाऱ्या बापाला कागदावर आजारी पाडायला माझा हात धजेना. पुढे २० ऑगस्टला जिल्ह्याबाहेरची एसटी सुरू झाली आणि निराळीच तऱ्हा. गाडीत अनोळखी माणसांबरोबर बसलं तर पास नको, स्वतःच्या गाडीतून नवरा-बायको निघालो तर हवा! २ सप्टेंबरला तीही अट गेली. आता सारोळ्याला नीरेचा पूल ओलांडताना कुणी हटकत नाही. खंबाटकी, कराड, पेठ नाका करत दुपारपर्यंत पोचतो.

अडतं ते पुढेच. फाटकाच्या आत मांडव घातलाय. आमच्या खुर्च्या अलीकडे, त्यांच्या पलीकडे, मध्ये दहा फूट आणि प्लास्टिकचा पडदा. वेळ पंधरा मिनिटं. बाबांना एकाच कानाने ऐकू येतं हे तुला माहीत आहे. उरलेलं ते ओठांवरून समजून घ्यायचे, हे मात्र आपल्याला मास्क आल्यावर कळलं. मी ओरडून विचारते, ते हसून मान हलवतात. मग आईकडे वळून विचारतात, "या कोण?" आई माझं नाव सांगते. व्हिडिओ कॉलवर ते मोबाइलच्या मागे कोण आहे ते बघतात, म्हणून तुझ्या फोनला ते 'हो हो' म्हणतात त्यावर फार विसंबू नकोस. पूर्वी मी जवळ बसून हात हातात घेतला की त्यांना ओळखायला थोडा वेळ लागायचा, पण ओळख लागायची. नखं वाढलीत का, पायाला सूज आहे का, हे मी न विचारता बघायचे. दहा फुटांवरून यातलं काहीच होत नाही.

आई मात्र आईच आहे. अधिक महिना शुक्रवारी संपला, तरी जावयाचं वाण तिने चुकवलं नाही. तेहतीस बत्तासे मोजून एका मावशींकरवी पाठवले. आपण नेलेला डबा दोन दिवस ऑफिसात पडून राहतो, तिची पिशवी मात्र लगेच बाहेर आली. बाहेर जाणाऱ्या वस्तूला म्हणे नियम नाही.

तिथल्या मावशींबद्दल मी एक शब्द वाईट बोलणार नाही. एप्रिलपासून त्या पाळीपाळीने पंधरा-पंधरा दिवस आतच राहतात, स्वतःची मुलं घरी टाकून. सांगली-मिरजेत सप्टेंबरमध्ये काय परिस्थिती होती ते पाहता आश्रमात कोरोनाचा शिरकाव झाला नाही, ही त्यांचीच पुण्याई. धोका नाही असं मी म्हणतच नाही. आईचा खुबा, बाबांची चौऱ्याऐंशी वर्षं, सगळं मला ठाऊक आहे.

पण तुझ्याच ओंटारिओची गोष्ट घे. मे महिन्यात बातमी तूच पाठवली होतीस. तिथल्या वृद्धांच्या केंद्रांत मदतीला सैनिक गेले, आणि पाच केंद्रांत म्हाताऱ्यांची कशी आबाळ झाली त्याचा अहवाल त्यांनी दिला. कारणं बरीच असतील, माणसं कमी हे मोठं. तरी रोज येऊन बघणारं घरचं माणूस बाहेर होतं, हेही त्यात आलंच. म्हणून तर आता तुमच्याकडे घरच्या ठरावीक माणसांना 'केअरगिव्हर' मानून आत सोडतात. बाकीचे पाहुणे वेगळे धरतात. तिथे जे शहाणपण सुचलं ते सांगलीत का चालू नये?

मी व्यवस्थापक बाईंशी बोलले. एकच माणूस, दर वेळी तेच, जाण्याआधी तपासणी, एन-९५ मास्क, खिडक्या उघड्या ठेवून फक्त आई-बाबांच्या खोलीत अर्धा तास. बाई नाही म्हणाल्या नाहीत. त्यांना भीती वेगळीच आहे: उद्या काही झालं तर परदेशातला मुलगा भांडायला उभा राहील. त्यामुळे दोन्ही मुलांची लेखी संमती हवी, एकटीची चालणार नाही. खरं सांगू, त्यांचं मला चुकीचं वाटत नाही.

तू स्वतः येशील तर उत्तमच, पण विमानाचं एकवेळ जमलं तरी परत गेल्यावर तुला चौदा दिवस घरात बसायचं आहे, आणि नोकरीचं तू सांगितलंयस. म्हणून हट्ट धरत नाही. संमतीचा मजकूर मी लिहून सोबत पाठवते आहे, वाच, पटत नसेल तिथे दुरुस्त कर. लक्ष्मीपूजन १४ नोव्हेंबरला आहे आणि त्यांच्या समितीची बैठक त्याच्या आदल्या आठवड्यात. तेवढ्यात सही करून पाठव.

मुलांना आशीर्वाद.

तुझी,
ताई