चौथ्या कार्बनपाशी

सकाळी सगळ्यात आधी एन्झाइम शाबूत आहे का ते बघते. नमुन्यात डायथायोनाइटचे चार कण टाकायचे, कार्बन मोनॉक्साइडचे बुडबुडे हलक्या हाताने सोडायचे, फेस येऊ द्यायचा नाही. प्रकाशशोषणाच्या आलेखाचं शिखर ४५० नॅनोमीटरवर आलं की जीव भांड्यात पडतो. ४२० वर आलं, तर प्रथिन बिघडलं. पी-४५० या एन्झाइमांच्या घराण्याला नाव मिळालं ते त्या शिखरामुळेच.

माणसात या घराण्याची ५७ जनुकं आहेत. माझी उमेदीची वर्षं त्यातल्या एकाच्या, सीवायपी१बी१च्या, संगतीत गेली. नाना अवयवांच्या कर्करोगी गाठींमध्ये ते सापडतं, म्हणून ते ‘गाठीतलं एन्झाइम’. पण तिथे ते हाताळतं ते शरीराचंच एस्ट्राडायॉल. यकृतातली त्याची भावंडं या संप्रेरकाच्या मुख्यतः दुसऱ्या कार्बनवर हायड्रॉक्सिल बसवतात. हे बसवतं चौथ्यावर. तिसऱ्या कार्बनच्या अलीकडे की पलीकडे, एवढाच फरक. मात्र चौथ्यावरून तयार होणारं क्विनोन डीएनएतल्या अ‍ॅडेनिन-ग्वानिनला चिकटतं आणि त्यांना साखळीतून उखडून काढतं. त्याआधीच मिथाइल गट लावून रेणूला शांत करणारं दुसरं एन्झाइम पेशीत असतं. ते कमी पडलं की धोका वाढतो.

चौथ्यावर हायड्रॉक्सिल बसलेला हा रेणू किती चंचल असतो, हे मला पुस्तकाने नाही, एका फसलेल्या प्रयोगाने शिकवलं. नमुने तयार करून मी जेवायला गेले. परत येऊन एचपीएलसीवर चढवले, तर चौथ्याचं शिखर जवळजवळ पुसलेलं. एन्झाइम मंद आहे असं मी वहीत लिहिणार, एवढ्यात शेजारच्या बाकावरच्या ताईंनी विचारलं, “अ‍ॅस्कॉर्बिक घातलं होतंस ना गं?” नव्हतं घातलं. एन्झाइमने काम चोख केलं होतं. केलेलं मात्र, अ‍ॅस्कॉर्बिकची राखण नसल्याने, हवेने नासवलं होतं. तेव्हापासून अभिक्रिया सुरू करणारं एनएडीपीएच घालून घड्याळ लावण्याआधी अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाची बाटली बर्फात ठेवलेली असते. नवीन मुलांना मी आधी हेच दाखवते.

‘गाठीतलं’ हे विशेषण मात्र मला सलतं. याच जनुकात दोष असला तर काही बाळांना जन्मतःच काचबिंदू होतो, हे १९९७ मध्ये कळलं. डोळा नीट घडायला जे लागतं, त्याला गाठीच्या नावाने का ओळखायचं?

सध्या माझ्या बाकावर रेटिनॉल आहे, म्हणजे अ जीवनसत्त्व. त्याचं रेटिनालही हेच एन्झाइम करतं. रेटिनॉलला उजेड सोसत नाही. म्हणून खोलीतले दिवे मालवून, गडद तपकिरी कुप्या घेऊन, मंद पिवळ्या प्रकाशात मी मिनिटं मोजत बसते.