नवी गाणी, जुने कान

नवे गाणे आमच्या कुंभारवाड्याला जंगल ओलांडून उशिरा पोहोचते. पण एकदा आले की मुक्कामच ठोकते. अलीकडच्या अशा काही पाहुण्यांविषयी हे थोडके.

‘मी वसंतराव’ (२०२२) मध्ये राहुल देशपांडे यांनी आजोबांची भूमिकाही केली आणि गायनही. नुसती नक्कल होण्याचा धोका होता. तो त्यांनी सुराच्या बळावर टाळला. ‘महाराष्ट्र शाहीर’ आला तो शाहीर साबळे यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २०२३ मध्ये. अजय-अतुल यांच्या ‘बहरला हा मधुमास’वर घरोघर पावले थिरकली, मला मात्र डफाची थाप आणखी हवी होती. खाडिलकरांच्या ‘मानापमान’ला १९११ साली गोविंदराव टेंबे यांच्या चाली लाभल्या. २०२५ च्या चित्रपटात शंकर-एहसान-लॉय यांचा वाद्यमेळ एवढा भरघोस, की शब्द त्याखाली गुदमरतो. संजू राठोड यांची ‘गुलाबी साडी’ (२०२४) साधी, म्हणूनच पोरांच्या ओठी चटकन बसली. त्याच वर्षीची क्रेटेक्स-श्रेयस यांची ‘तांबडी चामडी’ डच कंपनीने काढली. तिथे अर्थ शोधू नये, ठेका घ्यावा.

हे सारे आमच्या मुलांना तोंडपाठ. पण कुणबी बायकांची फुगडीची गाणी, सिद्दींच्या दमामाचा ताल? एकेका म्हातारीबरोबर एकेक गाणे मातीत जाते. मुलांना मी सांगतो, मोबाईल हातात आहेच. आजीला गायला लावा आणि गाणे टिपून घ्या. त्या संग्रहावर अभिप्राय लिहायला मला अधिक आवडेल.