मध्ये कुणी नको

लग्नाचं शूटिंग आता सर्रास फोर-के मध्ये होतं. शंभर मेगाबिटच्या रेकॉर्डिंगला तासाला ४५ जीबी लागतात. दोन कॅमेरे, हळदीपासून वरातीपर्यंतचे तास आणि वर फोटोग्राफरचे रॉ फोटो धरले तर एका घरचं कार्य ५०० जीबीच्या आसपास सहज जातं. छोट्या स्टुडिओंची मशीन सांभाळणं हा माझा धंदा. त्यात सगळ्यात जास्त वेळा करावं लागणारं काम म्हणजे हा सगळा पसारा एका मशीनवरून दुसऱ्यावर नेणं.

‘ड्राइव्हवर टाका, तिकडून उतरवून घेतो,’ असं हल्ली नवी मुलं चटकन म्हणतात. दोन्ही मशीन एकाच टेबलावर असतात. सेकंदाला शंभर मेगाबिटचं अपलोड अगदी पूर्ण मिळालं तरी ५०० जीबी वर चढायला अकरा तास लागतात, आणि मग तेवढंच परत खाली उतरवायचं. शेजारणीला द्यायची आमटीची वाटी पोस्टाने पाठवण्यातला हा प्रकार आहे. लॅन केबलचं एक टोक इकडे, एक तिकडे खोचलं तर गिगाबिटच्या कार्डावर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास स्पीड मिळतो आणि तोच डेटा सव्वा तासात पलीकडे जातो. राउटर नको, स्विच नको, नेटचं बिल नको. आणि ज्यांच्या घरचे ते फोटो आहेत, त्यांच्याखेरीज कुणाच्या सर्व्हरवर ते जात नाहीत. मला स्वतःला हे शेवटचं कारण सगळ्यात मोठं वाटतं.

केबल मी शक्यतो स्वतः क्रिंप करतो. वरचं आवरण सोललं की आत पीळ घातलेल्या चार जोड्या दिसतात. हा पीळ शोभेचा नाही. जोडीतल्या दोन्ही तारांवर बाहेरची खरखर सारखीच पडावी आणि पलीकडच्या टोकाला ती वजा होऊन जावी, यासाठी तो असतो. टेलिफोनच्या तारांसाठी ग्रॅहम बेलने १८८१ मध्येच याचं पेटंट घेतलं होतं. कनेक्टरमध्ये तारा घालताना क्रम असा : पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. शिकाऊ पोरगा इथे हमखास अडतो. हिरव्या जोडीच्या मधोमध निळी जोडी का घुसवायची? मधल्या दोन पिना टेलिफोनच्या जोडीसाठी राखलेल्या होत्या, तो जुना रिवाज अजून चालू आहे.

एखादा हुशार पोरगा मग रंग ‘नीट’ लावतो. केशरीशेजारी केशरी, हिरव्याशेजारी हिरवा, दोन्ही टोकांना अगदी सारखं. साध्या टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागतात, कारण टेस्टर फक्त तार इकडून तिकडे पोचते का एवढंच बघतो. पण आता तीन आणि सहा नंबरच्या पिनांवर दोन वेगवेगळ्या जोड्यांतल्या तारा आलेल्या असतात, म्हणजे जिथे पीळ हवा तिथेच तो नाही. हात-दोन हात लांबीच्या वायरवर हे कदाचित निभावून जातं. पण लांबी वाढली की स्पीड कोसळतो, कनेक्शन मधेच तुटतं, आणि दिवे हिरवे असल्यामुळे केबलवर कुणाचा संशयच जात नाही. म्हणून क्रम तर पाठ हवाच, शिवाय पीळही अर्ध्या इंचापेक्षा जास्त उकलू नये.

जुने लोक अजून ‘क्रॉस केबल आहे का?’ असं विचारतात. शंभर मेगाबिटच्या जमान्यात दोन मशीन थेट जोडायची तर एका टोकाला केशरी-हिरव्याची अदलाबदल करावी लागे. गिगाबिट कार्डं ही अदलाबदल आतल्या आत करून घेतात, साधी केबल पुरते. मात्र गिगाबिटला चारही जोड्या लागतात. त्यातली एखादी तुटली की लिंक बहुतेक वेळा शंभरवर उतरते, आणि सव्वा तासाचं काम बारा तासांवर जातं. कॉपी लावून चहाला जाण्याआधी स्पीडचा आकडा बघायची सवय त्यासाठीच हवी.

जोडल्यावर मशीन आपोआप १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते घेतात, आणि काम होतंही. तरी मी पत्ते हाताने देतो : १९२.१६८.५०.१ आणि १९२.१६८.५०.२, गेटवे रिकामा. वायफायच्या पत्त्यांपेक्षा ही मालिका वेगळी ठेवली, आणि फोल्डर मशीनच्या नावाने न उघडता पत्त्याने उघडला, की डेटा केबलवरूनच जातो. नाहीतर केबल नुसती लटकलेली आणि फाइल वायफायने रांगतायत, असं होऊ शकतं.

कॉपी करताना माउसने ओढून टाकणं मला पसंत नाही. विंडोजमध्ये रोबोकॉपी असतं. मधेच वीज गेली तर तीच आज्ञा पुन्हा द्यायची. जे पोचलंय ते सोडून ते पुढचं उचलतं. हजारो बारक्या फाइल असतील तर स्पीड पडतो, कारण प्रत्येक फाइल उघडण्या-मिटण्यातच वेळ जातो. त्याला घाबरायचं कारण नाही. आणि कट-पेस्ट कधीही नाही, ग्राहकाने कितीही घाई केली तरी नाही.

फाइल पोचली म्हणजे जशीच्या तशी पोचली, असं मी धरत नाही. वायरीवर चूक झाली तर ती पकडायची सोय इथरनेटमध्ये आहे. पण बिघाड रॅममध्ये असेल तर वायर बिचारी चुकलेला डेटाच इमानाने पोचवते. एका स्टुडिओत असंच झालं होतं. फाइलचा आकार बाइटपर्यंत बरोबर, व्हिडिओ सुरूही होत होता. दोन्हीकडे फाइलचा एसएचए-२५६ हा पडताळणीचा आकडा काढला तर जुळेना. व्हिडिओ पुढे नेऊन पाहिला तेव्हा कन्यादानाच्या वेळी नवरीच्या बापाच्या चेहऱ्यावर हिरवे चौकोन आले होते. मूळ फाइल शाबूत होती. रॅमची पट्टी बदलली, पुन्हा कॉपी केली, आकडे जुळले. तेव्हा कट-पेस्ट केलं असतं तर तो चेहरा कुठूनही परत आणता आला नसता. तो क्षण पुन्हा शूट करता येत नाही, म्हणून दोन्हीकडचे आकडे जुळल्याशिवाय जुनी डिस्क मी कुणाला फॉरमॅट करू देत नाही. जुळल्यावरही महिनाभर ती बाजूला ठेवायला सांगतो.

सगळं झालं की आणखी तीन कामं उरतात, आणि बरेच जण नेमकी तीच विसरतात. कॉपीसाठी फोल्डर सगळ्यांना खुला केलेला असतो आणि फायरवॉल सैल केलेली असते. तसंच सोडलं तर तो लॅपटॉप उद्या एखाद्या कॅफेच्या वायफायवर गेल्यावर तिथल्या अनोळखी लोकांसाठीही तो फोल्डर उघडाच राहू शकतो. म्हणून शेअरिंग बंद करायचं, फायरवॉल पुन्हा कडक करायची आणि हाताने दिलेला पत्ता काढून सेटिंग ऑटोमॅटिकवर न्यायचं. मग केबल काढायची.