महाराणा प्रताप नगरातील एक धडा

पुतण्याला बँकेत नोकरी लागली आणि पहिलीच नेमणूक भोपाळला झाली. त्याचे बिऱ्हाड लावून देण्यासाठी मी वसईहून त्याच्यासोबत गेलो. राणी कमलापती स्थानकावर उतरलो. २०२१ पर्यंत त्याचे नाव हबीबगंज होते. तेथून महाराणा प्रताप नगर जवळच आहे. लोक त्याला ‘एम. पी. नगर’ म्हणतात, आणि ‘एम. पी.’ म्हणजे मध्य प्रदेश, अशी माझी समजूत होती. रिक्षावाल्याने हसत हसत ती दुरुस्त केली.

झोन एक व झोन दोन असे या नगराचे दोन भाग आहेत. बँका, कचेऱ्या, उपाहारगृहे आणि जिकडे पाहावे तिकडे शिकवणीवर्गांच्या पाट्या. सकाळी पोह्यांच्या गाडीभोवती गावोगावची तरुण मुले जमतात. “तू कुठला?” हा तेथला पहिला प्रश्न.

पुतण्यालाही तोच प्रश्न आला. आडनाव ऐकताच एकजण म्हणाला, “म्हणजे गोव्याचा!” मुलगा क्षणभर घुटमळला आणि “हो” म्हणाला. माझ्या मनाला ते लागले. रात्री मी त्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, “काका, वसई, सामवेदी, कादोडी बोली, हे सगळं कुणाकुणाला समजावू? गोवा म्हटलं की प्रश्न संपतो.”

योगायोगाने घरमालकीण मराठी निघाल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली. त्या वेळी सरकारी नोकरीमुळे या बाईंचे सासरे नागपूरहून येथे आले. “शेजारी आम्हाला नागपूरवाले म्हणतात,” त्या म्हणाल्या, “आणि नागपूरला गेलं की नातलग म्हणतात, भोपाळवाले आले! दोन्ही खरंच आहे, भाऊ. मी एकही नाकारत नाही.”

मग त्यांनी पुतण्याला त्याच्या घरची बोली बोलून दाखवायला सांगितले. तो लाजत लाजत बोलला. निम्मे त्यांना कळले, निम्म्याला त्या कौतुकाने हसल्या. दुसऱ्या दिवशी पोह्यांच्या गाडीवर मुलाने आपण होऊन सांगितले, “मी गोव्याचा नाही. वसईचा आहे. आम्ही ख्रिस्ती आणि मराठी.” कोणी वाद घातला नाही. उलट, वसई कोठे आहे, असे विचारून घेतले.

ज्यांचे नाव या नगराला दिले आहे, त्यांची कथा या संदर्भात आठवते. १५७६ साली हळदीघाटात महाराणा प्रतापांच्या बाजूने हकीम खान सूर हा अफगाण सरदार लढला, तर अकबराच्या सैन्याचे नेतृत्व मानसिंग या रजपुताकडे होते. कोण आपला आणि कोण परका, हे केवळ कुळावरून आणि धर्मावरून ठरत नाही.

जवळून पाहिले म्हणजे भेद डोळ्यांत भरतात, दुरून पाहिले म्हणजे साम्य. आमच्या गावात लाल लुगडे दिसले की आम्ही सामवेदी ओळखतो, आणि शब्दाचा हेल बदलला की हा वाडवळ, असे म्हणतो. भोपाळात मात्र कोणी सामवेदी नाही आणि कोणी वाडवळही नाही. तेथे आम्ही सारे महाराष्ट्रातले. भेद खोटे नाहीत. त्यांच्यामुळेच प्रत्येकाला आपले घर ओळखू येते. पण त्यांची भिंत उभारली, की त्याच घराचा कोंडवाडा होतो.

वाचकहो, आता माझी स्वतःची गोष्ट सांगणे भाग आहे. याच मुलाच्या बहिणीसाठी एका वाडवळ घरातून स्थळ आले होते. मुलगा सुशील, घर श्रद्धाळू. तरीही “आपली बोली वेगळी, आपली रीत वेगळी” म्हणून सर्वांत आधी विरोध केला तो मीच. परक्या नगरात पुतण्याने अर्धी ओळख लपवली, तेव्हा मला वाईट वाटले. पण गावात मी दुसऱ्याची अर्धी ओळख पाहूनच त्याला दारातून परत पाठवले होते.

परतल्यावर बॅग सोडण्यापूर्वी मी भावाच्या घरी गेलो आणि माझा शब्द मागे घेतला. मुलाकडच्यांनी अद्याप उत्तर दिलेले नाही. ते देतील, अशी आशा आहे.