थांबण्याची विद्या

वाहनाचा वेग सर्वांस दिसतो. त्यास आवरणारी शक्ति मात्र चाकांआड लपलेली असते. सातपुड्यांतील आपल्या तोरणमाळचा घाट गांठण्यापूर्वीं आम्हीं भावंडांनीं वडिलांसमवेत अंगणांतच मोटारीचे झिजलेले ब्रेक-पॅड बदलले व ब्रेकचें जुनें तेल काढून नवें भरलें. हें तेल हवेंतील ओलावा शोषतें. डॉट-३ जातीचें कोरें तेल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाहीं. ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंतही खालीं येऊं शकते. उतारावर तें उकळलें, तर पायाखालीं नुसती वाफ दाबली जाते, चाक आवरत नाहीं. शर्यतीच्या मैदानावरही हेंच भय. मागील आसनावर आजी बसणार होती. म्हणून नळींतून शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत आम्हीं हात थांबविला नाहीं. ज्यास थांबतां येतें, त्यानेंच वेगानें जावें!